लहान पाकट आणि मोठं पाकट एकच जेवण जेवतात का? दिवाळे बाजारातून आणलेल्या दोन पोटांबद्दल

खारफुटी_नेरूळ · रविवार, सकाळी ११:२०

नमस्कार मंडळी,

काल सकाळी दिवाळ्याच्या मासळी बाजारातून दोन पाकटं (स्टिंगरे मासे) आणली. एक तळहाताहून थोडं मोठं, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १९ सेंटिमीटर. दुसरं चांगलं परातीएवढं, ५४ सेंटिमीटर. दोन्हींच्या शेपट्या काट्यासकट आधीच तोडलेल्या होत्या, त्या नेहमीच तोडतात. मी म्हटलं, "मावशी, पोट फोडू नका, तसंच द्या." त्यांनी विचारलं, "घाण घरी नेऊन काय करणार?" मी सांगितलं, पाकटांनी काय खाल्लंय ते बघायचंय. त्यावर त्या कोयती हातात तशीच धरून म्हणाल्या, "बारकं असतं तवर जवळा खातं. मोठं झालं की चिंबोरी फोडतं. दात बघ की त्याचे."

घरी आल्यावर ओट्यावर पांढरी ताटली, वाटीभर पाणी, चिमटा आणि मुलाचं भिंग घेऊन बसले. लहान पाकटाचं जठर करंगळीएवढं. आत गुलाबी लगदा होता. तो चहाच्या गाळणीत हळूहळू धुतला तेव्हा मोहरीहूनही लहान काळे ठिपके दिसायला लागले. ते जवळ्याचे डोळे. अंग पचून गेलं होतं, डोळे आणि मिशा राहिल्या होत्या. सोबत चिखलातल्या किड्याचे दोन तुकडे होते, गांडुळासारखे पण कडेला केसांची झालर असलेले.

मोठ्याच्या पोटात वेगळाच ऐवज. चिंबोरीच्या डेंग्यांची टोकं, कवचाचे तुकडे, माशाचे मणके आणि एक पांढरा टणक खडा. तो मात्र मी लगेच ओळखला, कारण ढोमी साफ करताना डोक्यात तो खडा कितीतरी वेळा हाताला लागला आहे. म्हणजे पाकटाने ढोमी खाल्ली होती, आणि तिचं काहीही उरलेलं नसताना कानातला खडा उरला होता.

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. पुस्तकात पाकटाबद्दल "मांसाहारी, तळाशी राहणारा कास्थिमत्स्य" (हाडांऐवजी कास्थीचा, म्हणजे कूर्चेचा सांगाडा असलेला मासा) एवढंच आहे. डोळे वर, तोंड खाली, त्यामुळे घास तोंडात जाताना त्याला दिसत नाही. वास, स्पर्श आणि भक्ष्याच्या शरीरातून निघणारी अगदी क्षीण वीज टिपणारी छिद्रं यांच्या भरवशावर ते चिखलात खाणं शोधतं, हे माहीत आहे. पण एकाच जातीचं जनावर वाढता वाढता जेवण बदलतं का, बदलत असेल तर कशामुळे, हे कुणाला नीट माहीत असेल तर सांगा. मावशींचं म्हणणं मला पटलं आहे, पण दोन पोटांवरून वर्गात सांगायला धीर होत नाही.

कोपरीची_सुगरण · रविवार, दुपारी १२:०५

वाचनखूण साठवली आहे. मी लहानपणापासून पाकटाचं सुकं खात आलेय, पण पोटात डोकावून कधी बघितलं नव्हतं.

अवांतर: पाकटाला मुताचा वास येतो म्हणून बरेच जण घेत नाहीत. ताजं घ्यावं, कातडी काढून चिंचेच्या पाण्यात ठेवावं, मग वास राहत नाही. तो वास कशाचा असतो हेही कुणी सांगा.

डोलकर_दिवाळे · रविवार, दुपारी ३:४०

ताई, मावशी बरोबर बोलल्या. आमच्या डोलीत, म्हणजे पिशवीसारख्या जाळ्यात, बारकी पाकटं येतात ती जवळ्याच्या दिवसांत जास्त. मोठी पाकटं घारापुरीच्या पलीकडे, पाणी खोल असतं तिकडे. बारकं खाडीत चिखलावर, मोठं बाहेर, असं आम्ही वडिलांपासून ऐकत आलो. भरतीला ती चिखलावर चढतात, ओहोटीला पाणी उतरलं की त्यांनी उकरलेले खड्डे दिसतात. ताटलीएवढा खड्डा असेल तर समजायचं की रात्री इथे पाकट जेवून गेलं. पंख आपटतं आणि तोंडातून पाण्याचा झोत मारतं, चिखल उडतो, खालचं खाणं उघडं पडतं.

प्रा_नौपाडा · रविवार, रात्री ९:१५

ताई, निरीक्षण फार चांगलं आहे, आणि ढोमीचा खडा ओळखलात याचं विशेष कौतुक. माशांच्या पोटाचा अभ्यास करणारे लोक याच खड्यांवर आणि माकुळाच्या चोचीवर अवलंबून असतात, कारण बाकी सगळं पचून जातं.

पण निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमची दोन्ही पाकटं एकाच जातीची होती का?

आपल्या किनाऱ्यावर पाकटाच्या पुष्कळ जाती आहेत. त्यातली ब्रेव्हिट्रायगॉन या प्रजातीतली पाकटं मुळातच ठेंगणी असतात आणि ताटलीएवढ्या रुंदीला वयात येतात. बाजारात ती "बारकी पाकटं" म्हणून मोठ्या जातींच्या पिल्लांच्या वाट्यातच मिसळतात. त्यांची शेपूट इतर चाबूकशेपट्या पाकटांच्या मानाने आखूड असते, ती ओळखायची चांगली खूण. पण बाजारात शेपूटच तोडून टाकतात, म्हणजे खूण गेली.

दुसरी खूण मात्र राहते. पाकट उलटं करून मागच्या पंखांच्या आतल्या बाजूला बघा. नराला तिथे दोन दांड्यांसारखे अवयव असतात, त्यांना क्लॅस्पर म्हणतात. पिल्लात ते आखूड आणि लुळे असतात. वयात आलेल्या नरात लांब आणि आतून टणक झालेले असतात, बोटाने दाबलं तरी वाकत नाहीत. तुमच्या लहान पाकटाचे कसे होते?

खारफुटी_नेरूळ · रविवार, रात्री १०:०२

सर, फोटो काढून ठेवले होते ते आता मोठे करून पाहिले. क्लॅस्पर लांब आहेत, मागच्या पंखांच्या बाहेर आलेले. साफ करताना बोटाला टणक लागले होते, मला तेव्हा ती शेपटीखालची हाडं वाटली होती.

म्हणजे ज्याला मी पिल्लू समजत होते तो लहान जातीचा पूर्ण वाढलेला नर होता, आणि मी दोन वेगळ्या जातींची तुलना करत बसले. बरं झालं विचारलं. उद्या वर्गात हेच सांगणार होते.

प्रा_नौपाडा · सोमवार, सकाळी ७:३०

वाईट वाटून घेऊ नका. ही चूक शिकलेले लोकही करतात, आणि तुमच्याकडे फोटो होता म्हणून ती पकडता आली. तुमचा मूळ प्रश्न मात्र योग्यच आहे. पाकटांच्या आणि त्यांच्या जवळच्या स्केट माशांच्या अनेक जातींत वाढीबरोबर जेवण बदलतं, आणि हे चांगलं तपासलेलं आहे.

सर्वात जास्त अभ्यास झालेलं उदाहरण युरोपच्या किनाऱ्यावरच्या काटेरी पाठीच्या स्केटचं, राजा क्लॅव्हाटा त्याचं नाव. अंड्यातून बाहेर आल्यावर लहानपणी ते उड्या मारणारे पिसवांएवढे कवचधारी, जवळ्यासारखे बारके जीव आणि छोटी कोलंबी खातं. वाढत जातं तसे पोहणारे खेकडे येतात, आणि पूर्ण वाढल्यावर मासेही. ही यादी एका रात्रीत बदलत नाही. कोलंबी पूर्ण सुटत नाही, तिचा वाटा कमी होतो. खेकड्यांचा वाढतो. कुणी ठरावीक लांबीला रेघ मारून "इथे बदललं" म्हणत असेल तर ती रेघ बहुतेक वेळा मोजणाऱ्याच्या सोयीची असते.

कारणं एकात एक गुंतलेली आहेत. पहिलं, तोंडाचा आवाका. पाकट घास ओढून घेतं, तोंड जेवढं उघडेल तेवढाच घास. दुसरं, जबड्याचं बळ. पाकटाचे दात फरसबंदीसारखे चपटे, एकाला एक लागून, आणि जबडा कास्थीचा असला तरी त्यावर क्षारांचं कवच असतं, आणि कठीण कवचं फोडणाऱ्या काही जातींत आतून आधाराच्या पट्ट्याही असतात. जबडा आणि त्याचे स्नायू मोठे होतात तशी न फुटणारी शिंपली फुटायला लागते. तिसरं, वेग. ढोमी पकडायला अंगात जोर लागतो, चिखलातला किडा पकडायला लागत नाही. चौथं, जागा. डोलकरदादांनी सांगितलं तसं पिल्लं उथळात आणि मोठी खोलात असतील तर समोर येणारं खाणंच वेगळं. आणि पाचवं, हिशेब. परातीएवढ्या अंगाला एकेक जवळा वेचून भागत नाही, शोधायला जेवढी ताकद जाते तेवढीही भरून येत नाही.

याचा आणखी एक फायदा होतो. आई आणि पिल्लू एकाच खाडीत राहूनही एकमेकांच्या ताटातलं खात नाहीत.

सुगरणताई, तो वास युरियाचा. शार्क आणि पाकटं समुद्राच्या खारेपणाशी जमवून घ्यायला रक्तात आणि मांसात युरिया साठवतात. मासा मेल्यावर जिवाणू त्याचा अमोनिया करतात. म्हणून ताजं घ्यायचं, हे तुमचं म्हणणं अगदी खरं.

वाशी_एमएस्सी · सोमवार, दुपारी १:१०

सर, माझा प्रकल्प याच्याच जवळचा आहे म्हणून विचारते. पोटातल्या वस्तू मोजायच्या कशा? मोठ्या पाकटाच्या पोटात समजा ४० जवळे आणि १ ढोमी असेल तर ते जवळा खाणारं म्हणायचं की मासे खाणारं?

प्रा_नौपाडा · सोमवार, दुपारी ४:४५

प्रश्न नेमका आहे. नगांनी मोजलं तर जवळा जिंकतो. वजनाने मोजलं तर ढोमी. आणि शंभर पाकटांपैकी एकाच पाकटाला ती ढोमी मिळाली असेल तर दोन्ही आकडे फसवे. म्हणून १९७१ पासून एक निर्देशांक वापरतात: नगांची टक्केवारी अधिक आकारमानाची किंवा वजनाची टक्केवारी, आणि या बेरजेला किती टक्के पोटांत तो पदार्थ सापडला त्या आकड्याने गुणायचं. जो पदार्थ पुष्कळ पोटांत, पुष्कळ नग आणि वजनालाही भरीव, तो वर येतो. त्यालाही त्रुटी आहेत, पण एकट्या आकड्यापेक्षा बरं.

आणि पोटं किती हवीत? एकेक पोट उघडत जा आणि आतापर्यंत सापडलेल्या पदार्थांच्या जातींचा आलेख काढत जा. आधी तो भराभर चढतो, मग सपाट होतो. सपाट होईपर्यंत पोटं कमी आहेत असं समजायचं, आणि लहान-मोठ्या गटांसाठी हे वेगवेगळं करायचं.

डोलकर_दिवाळे · सोमवार, रात्री ८:५०

सर, एक सांगू का. डोलीत आलेल्या पाकटाच्या पोटावर विश्वास ठेवू नका. डोल म्हणजे पाण्याच्या ओढीला तोंड करून लावलेली पिशवी. भरती-ओहोटीचा जोर आहे तोवर मासळी आत येत राहते आणि शेवटच्या खोळ्यात गोळा होते. तिथे जवळा, करंदी, मांदेली, बोंबील सगळं एकत्र दाबलेलं. पाकट त्यात तास-तास जिवंत असतं आणि समोर आयता जवळा. ते खाणारच. पोटात ताजा, अख्खा, न पचलेला जवळा दिसला तर तो खोळ्यातला समजा.

गळाला लागलेल्या पाकटाच्या पोटात आमचंच आमिष असतं, तेही धरू नका. तळाला लावलेल्या जाळ्यात अडकलेलं असेल तर ते चांगलं, पण जाळं लवकर उचललेलं हवं. रात्रभर राहिलं तर सगळं पचतं.

प्रा_नौपाडा · सोमवार, रात्री ९:२५

दादा, हे सोन्यासारखं आहे. जाळ्यातलं खाणं ही संशोधनात ओळखलेली अडचण आहे, पण प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाला ती लक्षात येत नाही. कोणत्या जाळ्यातला मासा हे पोटाच्या प्रत्येक नोंदीसमोर लिहायलाच हवं.

वाशी_एमएस्सी · मंगळवार, सकाळी ११:००

मग पोटापेक्षा समस्थानिकांनी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंनी, काम नाही का होणार? नायट्रोजन-१५ अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीला वाढतं, म्हणजे मांसाच्या एका तुकड्यावरून कळेल की जनावर कितव्या पायरीवर जेवतं. पोटात शेवटचं जेवण दिसतं, मांसात महिन्यांचं.

प्रा_नौपाडा · मंगळवार, दुपारी २:२०

होईल, आणि दोन्ही पद्धती सोबत वापराव्यात हेच चांगलं. एका पायरीला हजारी साधारण ३ भाग वाढ धरतात. शार्क-पाकटांत ती थोडी कमी धरावी असं काही प्रयोगांत दिसलं आहे, आणि त्यांच्या मांसातला युरियाच मोजमाप बिघडवतो, म्हणून नमुना आधी धुवून घ्यावा लागतो. सुगरणताईंचं चिंचेचं पाणी प्रयोगशाळेतही वेगळ्या रूपात आहेच म्हणा.

पण तुझ्या प्रश्नासाठी एक मोठा सापळा सांगतो, कारण नेमका लहान-मोठ्याच्या तुलनेतच तो लागतो. पाकटाचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याचं सगळं शरीर आईने दिलेल्या अन्नातून बनलेलं असतं. आई वरच्या पायरीवर जेवते. म्हणून नवजात पिल्लाचं नायट्रोजन-१५ बरेचदा आईइतकं किंवा तिच्याहूनही जास्त येतं, जणू ते पिल्लू मोठे मासे खातंय. ते पिल्लू प्रत्यक्षात जवळा वेचत असतं. स्वतःच्या जेवणाने मांस नव्याने तयार होत जातं तसं काही महिन्यांत ते आकडे खाली येतात, आणि मग वाढीबरोबर पुन्हा वर चढतात. आलेख आधी उतरतो, मग चढतो. हे माहीत नसेल तर माणूस उलटाच निष्कर्ष काढेल.

यावर एक सुंदर वाट आहे. पाकटाच्या मणक्यात झाडाच्या खोडासारखी वलयं असतात. आतलं वलय पिल्लूपणाचं, बाहेरचं आत्ताचं, आणि मणक्याची उती एकदा बनली की फारशी बदलत नाही. प्रत्येक वलयाचा कण वेगळा तपासला तर एकाच जनावराचं आयुष्यभराचं जेवण क्रमाने वाचता येतं. मग शंभर लहान आणि शंभर मोठ्यांची तुलना करण्याऐवजी एकच पाकट आपलं बालपण सांगतं.

सानपाडा_बाबा · मंगळवार, संध्याकाळी ६:३५

सगळं वाचतोय. मुलांना ओहोटीला चिखलात खेकडे बघायला नेतो म्हणून विचारतो, पाकटाचा काटा लागला तर काय करायचं?

डोलकर_दिवाळे · मंगळवार, संध्याकाळी ७:०५

चिखलात पाय उचलून टाकू नका, घसटत चाला. पाकटाला चाहूल लागली की ते आपणहून सरकतं. वरून पाय पडला तरच शेपूट मारतं.

प्रा_नौपाडा · मंगळवार, संध्याकाळी ७:४०

लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, ३० ते ९० मिनिटं बुडवून ठेवा. त्या विषातली प्रथिनं उष्णतेने बरीच निकामी होतात आणि कळ कमी होते. पाणी दुसऱ्या पायाने किंवा हाताने तपासून मगच जखम बुडवा, नाहीतर पोळेल. त्यानंतर दवाखान्यात जायलाच हवं, काट्याचा तुकडा आत राहतो आणि धनुर्वाताची सुई लागते. छाती किंवा पोटात लागलं असेल तर काटा ओढून न काढता थेट रुग्णालय.

करावे_कालवं · बुधवार, सकाळी १०:१५

आमच्या घरी आजी, आई सगळ्या ओहोटीला कालवं आणि शिवल्या काढायच्या. आता फारशा मिळत नाहीत. आजी म्हणायची, पाकटं शिवल्या फस्त करतात. इथे वाचून वाटलं, मोठी पाकटं कवचं फोडतात म्हणजे ती कमी झाली तर शिवल्या वाढतील का?

खारफुटी_नेरूळ · बुधवार, रात्री १०:४०

याचं उत्तर मला द्यावंसं वाटतं, कारण दोन दिवस याच विषयावर वाचतेय.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक उपसागर आहे. तिथे गायीच्या नाकासारखं तोंड असलेलं काऊनोज पाकट थव्यांनी येतं आणि शिंपल्या फोडून खातं. २००७ मध्ये "सायन्स" या नियतकालिकात एक निबंध आला. त्याचं म्हणणं असं होतं की मोठे शार्क मारले गेले, म्हणून पाकटं वाढली, म्हणून दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनात स्कॅलप या शिंपल्या संपल्या. ही साखळी इतकी सुबक होती की लोकांनी लगेच धरली. पाकट खा आणि उपसागर वाचवा अशी मोहीम निघाली, पाकटं मारण्याच्या स्पर्धा झाल्या.

२०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. शिंपल्यांची घट आणि पाकटांची वाढ यांच्या तारखाच जुळत नव्हत्या. शिवाय काऊनोजची मादी साधारण वर्षाला एकच पिल्लू देते, त्यांची संख्या एवढ्या झपाट्याने वाढूच शकत नाही. चेसापीकमधले ऑयस्टर, म्हणजे कालवं, तर बेसुमार काढल्याने, रोगांनी आणि पाणी बिघडल्याने गेले होते. नंतर मेरीलँड राज्याने त्या स्पर्धा बंद केल्या.

आणि आपल्या विषयाशी जोडलेली गोष्ट म्हणजे काऊनोजलाही कोणतीही शिंपली फुटत नाही. जबडा जेवढा वाढलाय तेवढ्या जाडीचीच फुटते. मोठं, जाड ऑयस्टर त्याच्या आवाक्याबाहेर असतं. कोणत्या वयाची पाकटं कोणत्या आकाराच्या शिंपल्या खातात हे न बघता सगळ्या पाकटांना सगळ्या शिंपल्यांचे शत्रू ठरवलं गेलं.

आपल्या खाडीत शिवल्या कमी झाल्या त्याचा विचार करताना मला आधी भराव, सांडपाणी आणि चिखलाचा बदललेला पोत आठवतो. पाकटं त्याच चिखलावर जगतात, त्यांचंही तेच नुकसान होतं. आजींनी बघितलं ते खोटं नाही, पाकटं शिवल्या खातातच. पण ती दोघं या खाडीत आजींच्याही आजीच्या आधीपासून सोबत आहेत.

करावे_कालवं · गुरुवार, सकाळी ९:००

पटलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, शिवल्या असायच्या तेव्हा पाकटंही जास्त असायची.

खारफुटी_नेरूळ · अठरा दिवसांनी, शनिवार, रात्री ९:३०

मंडळी, धागा वर काढतेय. डोलकरदादांनी मला तपासायला पाकटं देतो म्हटलं होतं, तो शब्द पाळला. तळाच्या जाळ्यातली, पहाटे उचललेली तीन पाकटं माझ्यासाठी बाजूला ठेवली, शेपटीसकट. काटे मात्र त्यांनी स्वतः काढून दिले. तिन्ही एकाच जातीची, लांब चाबकासारख्या शेपटीची. सरांना फोटो पाठवून खात्री करून घेतली. रुंदी २६, ४१ आणि ६० सेंटिमीटर. सर्वात लहान नराचे क्लॅस्पर लुळे, म्हणजे या वेळी खरंच पिल्लू.

२६ वाल्याच्या पोटात करंदीच्या पाठीची पातळ कवचं, सोंडेचे टोकदार तुकडे आणि झालरवाल्या किड्यांचा गुंता. एकही खेकडा नाही. ४१ वाल्यात करंदी होतीच, पण सोबत नखाएवढ्या लहान चिंबोऱ्या, अख्ख्या चेपलेल्या. त्यातल्या एकीचं कवच दोन बोटांत धरलं तर मऊ लागलं, बहुतेक नुकती कात टाकलेली होती. ६० वाल्यात जाड डेंग्यांचे तुकडे, माशाच्या मणक्यांची माळ आणि पुन्हा ढोमीचे खडे, दोन. करंदी नावालाही नव्हती.

तीन पोटं म्हणजे काहीच नाही, आलेख सपाट व्हायला अजून पुष्कळ हवीत, हे सरांनी सांगितलेलं लक्षात आहे. पण मधल्या पाकटाच्या पोटातली ती मऊ कवचाची चिंबोरी माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. त्याला खेकडा खायचा होता आणि टणक खेकडा अजून फुटत नव्हता.

तिन्हींचे जबडे उकळून साफ केले. लहानाचा माझ्या अंगठीत मावतो, मोठ्याचा मुठीएवढा आहे. एक शंका राहिली. मोठ्या पाकटाचे दात चपटे आहेत, पण पहिल्या दिवशीच्या त्या ठेंगण्या नराचे दात फोटोत टोकदार दिसतात. तो तर जवळा खात होता. टोकदार दात कशाला?

प्रा_नौपाडा · शनिवार, रात्री १०:१०

तुमच्या पहिल्या चुकीतूनच ही चांगली गोष्ट निघाली. टोकदार दात जेवणासाठी नाहीत. मीलनाच्या वेळी नर मादीच्या पंखाची कड दातांनी धरून ठेवतो, पाण्यात दुसरा आधार नसतो. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका पाकटात तर असं दिसलं आहे की विणीच्या काळात नराचे दात टोकदार होतात आणि तो काळ संपला की चपटे दात परत येतात, कारण पाकटाचे दात आयुष्यभर झडून नवे येत राहतात. मादीचे दात वर्षभर चपटेच. म्हणून दातांवरून जेवण ओळखताना नर की मादी, वयात आलेला की नाही आणि महिना कोणता, हे तिन्ही विचारावं लागतं.

आणि सगळीच पाकटं या नियमात बसत नाहीत हेही वर्गात सांगा. फुलपाखरू पाकटं पंखांचा तडाखा मारून मासेच धरतात. मोठं मांटा ७ मीटर रुंद होऊनही आयुष्यभर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारके जीव, गाळून खातं, त्याला कवच फोडायचंच नसतं. अमेझॉनच्या खोऱ्यातलं एक गोड्या पाण्यातलं पाकट कीटकांची चिवट कवचं चक्क जबडा आडवा हलवून चावून खातं, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. त्याआधी असं चावणं सस्तन प्राण्यांचं खास वैशिष्ट्य मानत असत.

नमुने घेताना एक काळजी घ्या. करवत मासा आणि गिटारीच्या आकाराच्या काही मोठ्या जाती वन्यजीव कायद्याच्या संरक्षणात आहेत. तसं काही जाळ्यात जिवंत दिसलं तर दादांना परत सोडायला सांगा.

डोलकर_दिवाळे · रविवार, सकाळी ८:२०

आम्ही सोडतोच सर. करवत मासा तर मी माझ्या आयुष्यात एकदाच बघितला, लहान असताना.

ताई, आज पहाटे एक मोठी मादी आली. पाटीत ठेवली आणि तिथेच दोन पिल्लं बाहेर आली. पंख अंगाभोवती गुंडाळलेले, विडीसारखे. बायकोने पाण्याच्या बादलीत सोडली तर पाचेक मिनिटांत पंख उलगडले. एक हलत नव्हतं ते तुमच्यासाठी बर्फात ठेवलंय. दुसरं मी परत जाऊन खाडीत सोडलं, जिथे जवळा असतो तिथे. हे पिल्लू पोटात असताना काय खातं?

खारफुटी_नेरूळ · रविवार, दुपारी २:५०

दादा, आत्ताच पाहिलं. खूप आभार.

पाकटाचं पिल्लू सुरुवातीला स्वतःच्या पिवळ्या बलकावर जगतं. तो संपत आला की आईच्या गर्भाशयाच्या भिंतीला बारीक लोंबत्या झालरी फुटलेल्या असतात, त्यातून दुधासारखा दाट, तुपट रस पाझरतो. पिल्लू तो पितं. तुमच्या पिल्लाच्या जठरात आणि मळसूत्रासारख्या पिळलेल्या आतड्यात मला तेच सापडलं, फिकट पिवळसर साय. करंदी नाही, किडा नाही, चिखलाचा कणही नाही.

भिंगातून तोंड पाहिलं. जबडा माझ्या नखाएवढा आहे. त्यात दातांच्या रांगा आधीच लागलेल्या आहेत, चपट्या, पांढऱ्या, एकही झिजलेला नाही.